वणवा आला तर निघायचे कोणत्या वाटेने?

सदर : वस्तीचा जमाखर्च



गेल्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नात्यातल्या एका बाळाच्या नामकरण विधीसाठी पाचगणीला जाणे झाले. त्रिशरण-पंचशील झाले, बाळाचे नाव ठेवले, खीर-पुरीचे जेवण झाले. माणसे ओसरीवर गप्पा मारीत बसली होती. अंधार पडता पडता समोरच्या डोंगराच्या कुशीत एक लाल रेघ दिसू लागली. थोड्या वेळाने तिला फाटे फुटले. मुंबईहून आलेली मुले मोबाईलवर फोटो काढू लागली. वस्तीतल्या एका माणसाने मात्र अंगणातली चिमूटभर माती उचलली आणि हळूच सोडून वारा कोणीकडे आहे ते पाहिले.

शेजारी बसलेल्या सत्तरीच्या आजींना मी विचारले, "आजी, हा वणवा दरवर्षी लागतो का?"

"दरसाल लागतोय की. खालनं कुणीतरी काडी लावतंय. वारं फिरलं का इकडं चढतोय."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करायचं लेकरा? पोरं हाताला धरायची, कागदाची पिशवी घ्यायची आन् पायऱ्या चढून वर सडकंला जायाचं. पण माझं गुडघं आता पायऱ्या चढत न्हाईत बघ."

कागदाची पिशवी म्हणजे रेशनकार्ड, जातीचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या आणि मुलांच्या मार्कलिस्टा. आपल्या प्रत्येक घरात ही पिशवी असते. ती कुठे आहे हे घरातल्या बाईला अंधारातही सांगता येते.

त्या रात्री वारा फिरला नाही. रेघ डोंगरावरच विझली. पण मला झोप लागली नाही. आग चढाकडे धावते ही गोष्ट शाळेत शिकलेलीच आहे. ज्वाला वर जातात आणि वरचे गवत आधीच तापवून ठेवतात, म्हणून उतारावर आगीला जोर येतो. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असे वणव्याचे अभ्यासक मानतात. म्हणजे वस्तीच्या खालून वणवा आला तर तो ज्या दिशेने जाणार, त्याच दिशेने आजींच्या पायऱ्या जातात. आजींची वाट आणि आगीची वाट एकच. आणि दोघांत पाय कोणाचे जलद, हे सांगायला नको.

या आठवड्याचे सदर या एका वाटेविषयी आहे.

वर कोण, खाली कोण

पाचगणी म्हणजे दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधला डोंगरमाथा. उंची सुमारे तेराशे मीटर. इंग्रज अमलात १८६० च्या दशकात जॉन चेसन या साहेबाकडे हे ठाणे वसविण्याचे काम आले. त्याने सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडे लावली. साहेबांच्या बंगल्यांना नोकरचाकर आणि कारागीर लागणार, म्हणून धोबी, शिंपी, खाटीक, भाजीवाले, गवंडी यांना बाजाराच्या खालच्या अंगाला जागा दिली, असे गावाच्या इतिहासात सांगतात. म्हणजे नगररचना ही काही आजची गोष्ट नाही. पाचगणीचा आराखडा सुरुवातीपासूनच होता. फक्त त्यात वर कोणी राहायचे आणि खाली कोणी, हे अगोदर ठरलेले होते.

आपल्याला यात नवल वाटू नये. गावाच्या रचनेत आपली वस्ती वेशीबाहेर, ओढ्याकडेला, उताराला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवगानावर कडाडून टीका केली, ती उगाच नाही. गावाचा नकाशा हा जातीचा नकाशा होता. डोंगरावर त्याला आणखी एक अर्थ येतो. जो कडेला राहतो, त्याच्या दाराशी उन्हाळ्यात आग आधी येते आणि पावसाळ्यात दरड आधी येते. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आपल्याच सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली, ते कोणी विसरलेले नाही. उताराच्या वस्तीचा विचार करताना दोन्ही संकटे एकत्र धरावी लागतात. वणव्याने गवत आणि मुळे जळाली की जमीन उघडी पडते आणि पहिल्या जोरदार पावसात तिची माती वाहून जाते.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. झाडतोड, भूजलाचा उपसा, डोंगरउतारावरील बांधकाम यांवर बंधने आली. हे चांगलेच झाले. पण बंधने कागदावर आली, तशी गरिबाची वाट कागदावर आली का, हे पाहिले पाहिजे.

चालणारा माणूस कोण?

आजकाल शहरांच्या आराखड्यांत "चालण्यायोग्य गाव" हा शब्द ऐकू येतो. मुलाला शाळेत, बाईला बाजारात, म्हाताऱ्याला दवाखान्यात गाडीवाचून जाता आले पाहिजे, असा त्याचा अर्थ. धूर कमी, खर्च कमी, शेजार टिकतो. ऐकायला नवे वाटते, पण पाचगणीत चालणारी माणसे पूर्वीपासून आहेत. हॉटेलात भांडी घासणारी ताई, निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी मावशी, बागकाम करणारा दादा, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात वाकून काम करणाऱ्या बायका, ही सगळी माणसे पायीच जातात. मे महिन्यात आणि दिवाळीत वाईकडून पसरणी घाट चढून येणाऱ्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा रस्त्याच्या कडेने अंग चोरून चालणारे तेच. त्यांच्यासाठी चालणे हा शौक नाही. एस.टी.चे पैसे वाचावेत म्हणूनही चालावे लागते.

म्हणून आपल्या वस्तीने मागणी करताना आधी गाडीरस्ता मागू नये, आधी पायवाट मागावी, असे माझे मत झाले आहे. माझे हे मत पूर्वी नव्हते, हेही कबूल करतो. अनेक वस्त्यांचे अर्ज मी माझ्या हाताने लिहून दिले. त्या प्रत्येकात "वस्तीपर्यंत डांबरी रस्ता करून मिळावा" एवढीच एक ओळ असे. वस्तीतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नाही. तो आजींच्या गुडघ्यांनी विचारला.

पॅराडाईज गावाची गोष्ट

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पॅराडाईज नावाचे गाव आहे. पाचगणीसारखेच डोंगराच्या सोंडेवर वसलेले, झाडीतले, आगीपूर्वी वस्ती सुमारे सव्वीस हजार होती. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी वीज कंपनीच्या जुन्या वाहिनीतील बिघाडामुळे रानात आग लागली. काही तासांत ती गावात शिरली. पंच्याऐंशी माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत निम्म्याहून अधिक म्हातारी माणसे होती. गाव आणि आसपासचा भाग मिळून अठरा हजारांवर इमारती जळाल्या.

तेथे श्रीमंती होती, आगीचे बंब होते, गाव खाली करण्याची योजनाही आधी तयार होती. पण बाहेर जाणारे रस्ते मोजकेच. सगळे एकाच वेळी गाड्या घेऊन निघाले आणि रस्ते तुंबले. काही जणांना गाड्या सोडून पळावे लागले. लक्षात ठेवण्यासारखी आणखी एक बाब आहे. चालणाऱ्यांच्या सोयीसाठी गावातल्या मुख्य रस्त्याच्या काही भागात गाड्यांच्या मार्गिका काही वर्षे अगोदर कमी केल्या होत्या. त्यावरून मागाहून मोठी टीका झाली.

मग चालण्यायोग्य गाव करणे चूक का? तसे नाही. रस्ता अरुंद केला म्हणजे गाव चालण्यायोग्य होत नाही. चालणाऱ्याला सुरक्षित ठिकाणी पोहोचवणारी वाट जवळ असली, तरच ते चालण्यायोग्य. घरापासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर गवत नसलेली मोकळी जागा असेल, तर म्हातारी बाईही गाडीवाचून वाचू शकते. शाळेचे पटांगण चालेल, उघडा खडक चालेल, साफ ठेवलेले मैदान चालेल.

आपल्याकडचे वणवे कॅलिफोर्नियासारखे नसतात, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे आग बहुधा जमिनीलगत, वाळल्या गवतातून आणि पालापाचोळ्यातून जाते. घरे क्वचित जळतात. पण गोठे जळतात, कडब्याच्या गंजी जळतात, पक्ष्यांची घरटी जळतात, लावलेली रोपे जळतात. आणि गवताची आग कमी समजू नये. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरावर पायी फिरायला गेलेला तरुणांचा गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जीव गेले. तेही डोंगरउतारावरच होते.

तथागतांच्या काळातील वणवा

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. काही भिक्षूंनी रानाला आग लावली. लोकांनी नाराजी व्यक्त केली. तथागतांनी रान पेटविण्यास मनाई केली. पुढे असे झाले की विहारांभोवती गवत माजले होते, वणवा आला आणि विहार जळू लागले. भिक्षू संकोचले, आग लावायची मनाई आहे, मग करायचे काय? तेव्हा तथागतांनी वणवा येत असताना त्याला अडविण्यासाठी समोरून आग देण्यास आणि बचाव करण्यास परवानगी दिली.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रसंग किती व्यवहारी आहे पाहा. रान विनाकारण जाळू नका, पण वणवा आला तर हात बांधून बसू नका. नियम माणसाच्या रक्षणासाठी आहे. आणि विहार जळण्याचे कारणही नीट नोंदले आहे, ते म्हणजे भोवती माजलेले गवत. (समोरून आग देणे हे आज वन विभागाच्या प्रशिक्षित माणसांचे काम आहे. आपण ते करू नये. वारा फिरला तर आपणच आत सापडतो.)

महावग्गात राजा बिंबिसार वेळुवन दान देण्याआधी विचार करतो की, तथागतांसाठी जागा कशी असावी? गावापासून फार दूर नको, फार जवळ नको, जाण्यायेण्यास सोयीची असावी, भेटू इच्छिणाऱ्या लोकांना पोहोचता यावे. चालण्यायोग्य गावाची यापेक्षा सोपी व्याख्या मला सापडली नाही. सम्राट अशोकांनी पाचव्या स्तंभलेखात विनाकारण किंवा जिवांच्या हत्येसाठी जंगल जाळू नये, जिवंत प्राणी असलेला भुसा पेटवू नये, असे फर्मावले. सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला सावलीसाठी वड, आमराया, विहिरी आणि विश्रांतिस्थाने केल्याची नोंद आहे. वाट, सावली, पाणी, विसावा, हा सगळा आराखडा आपल्याच वारशात आहे. आपण तो विहाराच्या भिंतीवर लावतो आणि वस्तीत उतरवायचा विसरतो.

वस्तीत काय करता येईल?

पहिली बाब वाटेची. प्रत्येक वस्तीला बाहेर पडायच्या निदान दोन वाटा हव्यात आणि त्यांतली एक आडवी हवी, म्हणजे उतारावर वर न चढता बाजूला नेणारी. वाट दोन माणसे आणि एक खाट जाईल इतकी रुंद असावी. पायऱ्यांना कठडा असावा. रात्री दिवा असावा. वाटेच्या दोन्ही कडांचे गवत जानेवारीतच कापलेले असावे.

दुसरी बाब घराची. वणव्यात बहुतेक घरे ज्वाळेने पेटत नाहीत, उडत आलेल्या ठिणगीने पेटतात. ठिणगी पन्हळीतल्या पाल्यात, वळचणीच्या सरपणात किंवा ताडपत्रीवर पडते. म्हणून कॅलिफोर्नियात घराभोवती तीन वर्तुळे धरतात. पहिल्या पाच फुटांत जळणारी वस्तू ठेवायची नाही. तीस फुटांपर्यंत वाळले गवत आणि पाला ठेवायचा नाही. शंभर फुटांपर्यंत झुडपे विरळ ठेवायची. आपल्या दाटीच्या वस्तीत शंभर फूट कुठून आणायचे? पण पहिले पाच फूट आपल्या हातात आहेत. सरपण, गोवऱ्या, जुनी गादी, रॉकेलचा डबा भिंतीपासून दूर न्यावा. पावसाळ्यासाठी भिंतींना लावायच्या गवताच्या झडी आपल्याकडे उन्हाळ्यातच बांधून ठेवतात, म्हणजे नेमक्या वणव्याच्या दिवसांत घराला टेकून गवताचा ढीग उभा असतो. तो मोकळ्या जागी ठेवावा. जांभ्या दगडाची भिंत जळत नाही. धोका असतो तो छपराला आणि वळचणीला. घरकुल योजनेतून घर बांधताना कौल-पत्र्याखालच्या फटी बुजवून घ्याव्यात.

तिसरी बाब झाडाची. आगीची भीती म्हणून झाडे तोडू नयेत. संवेदनशील क्षेत्रात परवानगीवाचून तोडताही येत नाहीत. सावली गेली तर चालणारा माणूस कोठे जाईल? झाडाखालचा वाळला पाला गोळा करावा, खाली लोंबणाऱ्या वाळक्या फांद्या काढाव्यात. सिल्व्हर ओकचा पाला उन्हाळ्यात थरावर थर साचतो. तो पेटवून देण्याची सवय सोडावी आणि खड्ड्यात घालून खत करावे. नवी झाडे लावताना जांभूळ, आंबा अशी सदाहरित झाडे लावावीत. विजेच्या तारांना फांद्या घासत असतील तर महावितरणला १९१२ वर कळवावे.

चौथी बाब पाण्याची. वस्तीच्या चिंचोळ्या बोळात बंब येणार नाही, हे धरून चालावे. वस्तीच्या वरच्या टोकाला पाण्याची टाकी आणि तिला पाइप जोडण्याची सोय, ही मागणी लेखी करावी. तोवर दोनशे लिटरचे चार ड्रम फेब्रुवारी ते जून भरून ठेवावेत. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी आपले वाडवडील महाडला चालत गेले. त्यांच्या नातवंडांच्या वस्तीत आग विझवायला नळ नसावा, हे आपल्याला शोभत नाही. ज्यांच्याकडे अधिकार आहेत, त्यांना तर मुळीच शोभत नाही.

पाचवी बाब माणसाची. वस्तीत एकटी राहणारी म्हातारी माणसे, बाळंतिणी, अपंग, दम्याचे रुग्ण यांची यादी महिला मंडळाने करावी आणि प्रत्येक नावापुढे एका तरुणाचे नाव लिहावे. याच पाचगणीत शुद्ध हवेसाठी १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले. त्याच हवेत वणव्याचा धूर भरला की दम्याच्या माणसाला आग जवळ येण्याआधीच त्रास होतो. त्याला आधी हलवावे. निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, जनावरांची दावी सोडावीत, अंगावर नायलॉनऐवजी सुती कपडा असावा, नाकातोंडावर ओला फडका धरावा. आग खालून येत असेल तर वर पळू नये, बाजूच्या उघड्या जागेकडे जावे. डोंगरात आग दिसताच वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवावा. वस्तीजवळ आली असेल तर १०१ किंवा ११२.

वेठ नको, हक्क हवा

आग लागली की विझवायला कोणाला बोलावतात? पूर्वी गावात काही झाले की रात्री-अपरात्री महाराच्या घरावर हाळी यायची. ती वेठ होती. १९५८ च्या कायद्याने वतन गेले, वेठ गेली. आता वणवा विझवायला आपली मुले जरूर जावोत. डोंगर सर्वांचा आहे आणि जीवरक्षण हा धम्म आहे. पण वन विभाग उन्हाळ्यात जाळरेषा काढण्यासाठी, आगीवर पाळत ठेवण्यासाठी हंगामी मजूर घेतो. त्या कामात आपल्या मुलांना रीतसर नेमणूक, मजुरी, बूट, पाणी आणि विमा मिळावा, ही मागणी आपण केली पाहिजे. फुकटच्या शाबासकीवर पोट भरत नाही.

माथेरानचे उदाहरण येथे आठवते. तेथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पुढे पायी जायचे. चालण्यायोग्य गाव म्हणून त्याचे कौतुक होते. पण ज्याला चालायचे नव्हते, त्याला हातरिक्षात बसवून माणूस ओढत होता. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठातून ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षाची योजना करण्याचा आदेश दिला. निसर्ग वाचविताना माणसाची प्रतिष्ठा गहाण पडत असेल, तर तो आराखडा अपुरा आहे. उलट पाचगणीजवळचे भिलार पाहा. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव झाले. पंचवीस ठिकाणी पुस्तके ठेवली. माणसे या घरातून त्या घरात चालत जातात आणि घरमालक त्यांना बसायला जागा देतो. चालणे असेही मानाचे असू शकते.

दोष आपलेही आहेत

आता थोडे कटू बोलतो. डोंगर पेटविणारे सगळे परके नसतात. "जाळलं की गवत चांगलं येतं" ही समजूत आपल्या घरांतही आहे. हिरवे कोंब लवकर दिसतात हे खरे, पण जमिनीवरचा पाचोळा, बी आणि किडे जळतात. नाचणी-भातासाठी राब भाजणारा शेतकरी गरजेपोटी भाजतो, त्याला गुन्हेगार म्हणणे मला पटत नाही. पण राब सकाळी, वारा नसताना, भोवती चर काढून आणि पाण्याची घागर जवळ ठेवून भाजावा. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. खटल्यात बहुधा गरीबच सापडतो, हेही विसरू नये.

आणि दुसरे. आपली भीमजयंती १४ एप्रिलला येते, म्हणजे ऐन वणव्याच्या दिवसांत. त्या वेळी उताराच्या वस्तीत रॉकेट उडवायचे का? हा विषय मी त्या वस्तीच्या बैठकीत काढला, तेव्हा तरुण मुले नाराज झाली. "सगळे आपापल्या सणाला वाजवतात, आम्हीच का नाही?" प्रश्न चूक नव्हता. मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात मागून आजी बोलल्या, "वाजवा की. पण माझ्या गवताच्या झडीवर पडली ठिणगी तर मला उचलून न्यायला कोण येणार, त्याचं नाव आधी सांगा."

कोणी बोलले नाही. मग एका मुलाने हात वर केला आणि म्हणाला, "आजी, मीच येईन. पण फटाकेच नको." जयंतीच्या वर्गणीतील फटाक्यांचा खर्च काढून त्यातून ड्रम, फावडी, कोयते आणि दोन मोठे टॉर्च घ्यायचे ठरले. मिरवणूक निघाली, ढोल वाजला, कशात काही कमी पडले नाही.

अर्ज कसा करावा?

त्या वस्तीची पूर्वी एक आडवी पायवाट होती. ती शेजारच्या शाळेच्या पटांगणाकडे निघायची. तीन-चार वर्षांपूर्वी मध्ये एका बंगल्याची संरक्षक भिंत झाली आणि वाट बंद पडली. लोक पायऱ्यांनी वरच जाऊ लागले. बैठकीनंतर वस्तीने बंगल्याच्या मालकाशी बोलणी केली. भिंतीला असलेले लहान फाटक फेब्रुवारी ते जून उघडे ठेवतो, असे त्यांनी तोंडी कबूल केले. चांगली गोष्ट आहे. पण मी कारकून माणूस, तोंडी गोष्टीवर माझा विश्वास नाही. मालक बदलला की शब्द बदलतो.

म्हणून वाचकांना सांगणे असे. भूमी अभिलेख कार्यालयातून वस्तीच्या नगर भूमापन नकाशाची प्रत घ्या आणि जुनी वाट त्यात आहे का पाहा. असेल तर प्रत जोडून नगरपरिषदेला अर्ज द्या. नसेल तर ती विकास आराखड्यात दाखविण्याची सूचना द्या. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी साधारण तीस दिवस मिळतात. जाहिरातीतली शेवटची तारीख विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा. एकट्याचा अर्ज देण्यापेक्षा वस्तीतल्या प्रत्येक घराची सही घ्या, बायकांच्या सह्या आवर्जून घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आले नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. आपल्याकडे कळकळ असते, आवक क्रमांक नसतो. मग काम अडते.

त्या वस्तीचा अर्ज दाखल झाला आहे. आवक क्रमांक आजींच्या कागदाच्या पिशवीत आहे. वाट अजून कागदावर आलेली नाही. लहान फाटक सध्या उघडे असते. परवा फोन केला तेव्हा आजी म्हणाल्या की, मुलाने हाताला धरून त्या वाटेने त्यांना एकदा पटांगणापर्यंत चालवून आणले. गुडघे दुखले, पण पोहोचल्या.

आपल्या वस्तीतून बाहेर पडायला किती वाटा आहेत, हे या रविवारी वंदनेनंतर सर्वांनी मिळून चालून पाहा. एकच वाट निघाली तर दुसऱ्या वाटेचा अर्ज त्याच दिवशी लिहायला बसा.

जयभीम! नमो बुद्धाय!